थेवेनिन, नॉर्टन आणि दोन टोकांपुरतं खरं असलेलं सर्किट

तारायंत्र

थेवेनिनचं प्रमेय शिकलेल्या कुणालाही पायऱ्या विचारा, धडाधड सांगेल. लोड काढा, उघड्या टोकांवरचं व्होल्टेज काढा, सोर्स बंद करून रेझिस्टन्स काढा, दोन्ही सिरीजमध्ये मांडा, लोड परत जोडा. परीक्षेत मार्क पदरात पडतात आणि विषय तिथेच मिटतो. पण त्या छोट्या सर्किटमधलं काय खरं मानायचं आणि काय नाही, याबद्दल फार कमी बोललं जातं. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे, म्हणून हा धागा.

प्रमेयाचं म्हणणं असं. सोर्स आणि रेझिस्टर यांचं कितीही गुंतागुंतीचं जाळं असू दे. ते लिनिअर असेल (म्हणजे आतल्या भागांत करंट व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात बदलत असेल) आणि त्यातून दोनच टोकं बाहेर काढली असतील, तर त्या टोकांवर बाहेरून मोजणाऱ्याला ते जाळं आणि 'एक व्होल्टेज सोर्स व त्याच्याशी सिरीजमध्ये एक रेझिस्टर' यांत कसलाही फरक सापडत नाही.

हे का होतं? लिनिअर जाळ्याच्या टोकांवरचं व्होल्टेज आणि तिथून बाहेर जाणारा करंट यांचा आलेख काढला तर सरळ रेषा येते. आत दोन रेझिस्टर असोत की दोनशे, रेषा सरळच. आणि सरळ रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात. टोकं उघडी ठेवली की एक बिंदू मिळतो (करंट शून्य), टोकं शॉर्ट केली की दुसरा (व्होल्टेज शून्य). रेषेचा उतार म्हणजे थेवेनिन रेझिस्टन्स. तीच रेषा व्होल्टेजच्या अक्षाकडून वाचली की थेवेनिन, करंटच्या अक्षाकडून वाचली की नॉर्टन, म्हणजे एक करंट सोर्स आणि त्याला पॅरलल तोच रेझिस्टर.

साधं उदाहरण घेऊ. १२ व्होल्टचा सोर्स, त्याला ६ किलोओहम आणि ३ किलोओहम सिरीजमध्ये, आणि ३ किलोओहमच्या दोन टोकांवरून आपण तारा बाहेर काढल्या आहेत. उघड्या टोकांवर १२ × ३ / ९ = ४ व्होल्ट. टोकं शॉर्ट केली तर ३ किलोओहममधून काहीच जात नाही, करंट १२ / ६ = २ मिलिअँपिअर. रेझिस्टन्स ४ / २ = २ किलोओहम. सोर्सच्या जागी शॉर्ट ठेवून ६ आणि ३ पॅरलल केले तरी २ किलोओहमच येतात.

आता २ किलोओहमचा लोड जोडा, टोकांवर २ व्होल्ट. १० किलोओहमचा जोडा, ४ × १० / १२ = ३.३३ व्होल्ट. दर वेळी मूळ सर्किट पुन्हा सोडवायला नको.

पण इथे एक प्रश्न विचारून बघा. लोड काढलेला असताना आत किती वीज उष्णतेत जाते? मूळ सर्किटमध्ये १२ × १२ / ९ किलोओहम = १६ मिलिवॉट. थेवेनिन सर्किटमध्ये टोकं उघडी, करंट नाही, म्हणजे शून्य. नॉर्टन सर्किटमध्ये सगळा २ मिलिअँपिअर २ किलोओहममधून फिरतो, म्हणजे ८ मिलिवॉट. टोकांवर तिन्ही तंतोतंत सारखी, आणि आतली उष्णता तीन ठिकाणी तीन. कारण प्रमेयाने आतल्या गोष्टींचं आश्वासन कधी दिलेलंच नाही. थेवेनिनचं सर्किट फक्त दोन टोकांपुरतं खरं असतं. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं तर या विषयातले निम्मे गोंधळ होतच नाहीत.

सेमिस्टर_चार

धागा एकदम वेळेवर आला, पुढच्या आठवड्यात पेपर आहे. तो १६, ० आणि ८ मिलिवॉटचा हिशोब पहिल्यांदाच पाहिला.

मग एक शंका. कमाल पॉवरच्या प्रमेयात लोड थेवेनिन रेझिस्टन्सएवढा ठेवला की कार्यक्षमता ५० टक्के येते असं लिहितो आम्ही. ती पन्नास टक्के खऱ्या सोर्सची की कागदावरच्या?

तारायंत्र

फार चांगला प्रश्न. कागदावरच्या सोर्सची.

वरचंच सर्किट घे. २ किलोओहमचा लोड, टोकांवर २ व्होल्ट, लोडमधली पॉवर २ मिलिवॉट. थेवेनिन सर्किटमध्ये ४ व्होल्टच्या सोर्समधून १ मिलिअँपिअर निघतो, म्हणजे ४ मिलिवॉट. त्यातले २ लोडला, म्हणून ५० टक्के. आता मूळ सर्किटकडे वळ. ६ किलोओहमवर १२ वजा २ = १० व्होल्ट, त्यातून १.६७ मिलिअँपिअर जातो, आणि १२ व्होल्टचा सोर्स २० मिलिवॉट देतो. लोडला त्यातले २. कार्यक्षमता १० टक्के!

कमाल पॉवर कुठल्या लोडला मिळते हे प्रमेय बरोबर सांगतं आणि ती पॉवर किती हेही बरोबर सांगतं, कारण दोन्ही गोष्टी टोकांच्या बाहेरच्या आहेत. कार्यक्षमता ही सोर्सच्या आतली बाब आहे, ती मूळ सर्किटवरूनच काढायची. सोर्स आणि एकच सिरीज रेझिस्टर एवढंच मूळ सर्किट असेल तर ५० टक्के खरोखर येतात.

पाऊलवाट

मी हा विषय शिकवते, त्यामुळे थोडी भर घालते.

या कल्पनेचा इतिहास तुमच्या 'दोन टोकांपुरतं' या मुद्द्याला अगदी धरून आहे. हे सगळ्यात आधी मांडलं ते हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी, १८५३ मध्ये. त्यांचा त्या वेळचा विषय होता प्राण्यांच्या शरीरातली वीज. स्नायूच्या आत विजेचे उगम कुठे कुठे आहेत हे दिसत नाही, मोजता येतं ते बाहेरून टेकवलेल्या दोन टोकांवर. अशा वेळी 'आतलं काहीही असो, बाहेरून ते एका उगमासारखं आणि एका रोधासारखं वागतं' हे म्हणणं किती गरजेचं होतं ते लक्षात येतं. पुढे तीस वर्षांनी, १८८३ मध्ये, फ्रान्सच्या तार खात्यातले अभियंते लिऑन शार्ल थेवेनिन यांनी तेच स्वतंत्रपणे मांडलं आणि नाव त्यांचं रूढ झालं. करंट सोर्सचं रूप १९२६ मध्ये आलं, तेही दोन ठिकाणी एकाच वर्षी. अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या एडवर्ड नॉर्टन यांच्या अंतर्गत अहवालात, आणि जर्मनीत सीमेन्सकडे काम करणाऱ्या हान्स फर्डिनांड मायर यांच्या प्रसिद्ध लेखात. म्हणून युरोपात काही जण मायर-नॉर्टन असं जोडनाव वापरतात.

वर्गात मी एक गोष्ट आवर्जून करून घेते. सोर्स 'बंद करणे' म्हणजे काय ते मुलांना प्रत्येक सोर्ससाठी तोंडाने म्हणायला लावते. व्होल्टेज सोर्स बंद म्हणजे शून्य व्होल्ट, म्हणजे तिथे तार. करंट सोर्स बंद म्हणजे शून्य अँपिअर, म्हणजे तिथे तार तुटलेली. हे उलटं झालं की पुढचं सगळं गणित शिस्तीत चुकत जातं, आणि उत्तर दिसायला बरं दिसतं त्यामुळे पकडताही येत नाही.

सेमिस्टर_चार

मॅडम, डिपेंडंट सोर्स (ज्याची किंमत सर्किटमधल्याच दुसऱ्या करंट किंवा व्होल्टेजवर ठरते) असेल तर? आमच्या ग्रुपमध्ये त्यावरून दोन तट पडलेत. गणित असं: १२ व्होल्टचा सोर्स, २ किलोओहममधून नोड अ ला. त्या २ किलोओहममधला करंट आय. अ पासून ग्राउंडला १ किलोओहम. आणि एक डिपेंडंट करंट सोर्स ग्राउंडकडून अ मध्ये ३ आय एवढा करंट ढकलतो. टोकं अ आणि ग्राउंड. काहींचं उत्तर ६६७ ओहम, काहींचं ३३३.

पाऊलवाट

३३३. डिपेंडंट सोर्स बंद करायचा नाही, कधीच नाही.

आधी उघडी टोकं. किलोओहम, मिलिअँपिअर आणि व्होल्ट एकत्र वापरले की गणित सुटसुटीत होतं. अ मध्ये आय अधिक ३ आय, म्हणजे ४ आय येतो आणि तो सगळा १ किलोओहममधून खाली जातो. म्हणून अ वरचं व्होल्टेज ४ आय. तिकडे २ × आय = १२ वजा ४ आय. आय = २ मिलिअँपिअर, व्होल्टेज ८.

मग शॉर्ट. अ शून्यावर, आय = ६, शॉर्टमधून ४ × ६ = २४ मिलिअँपिअर. ८ / २४ = ०.३३३ किलोओहम.

पडताळा टेस्ट सोर्सने. १२ व्होल्टच्या जागी तार, आणि अ ला बाहेरून १ व्होल्ट लावा. १ किलोओहम १ मिलिअँपिअर घेतो. २ किलोओहममधून ०.५ मिलिअँपिअर अ कडून उलटा जातो, म्हणजे आय = उणे ०.५. डिपेंडंट सोर्स ३ × उणे ०.५, म्हणजे ढकलायच्या ऐवजी १.५ मिलिअँपिअर ओढून घेतो. एकूण ३ मिलिअँपिअर. १ / ३ किलोओहम. जुळलं.

६६७ म्हणणाऱ्यांनी डिपेंडंट सोर्स काढून टाकून २ आणि १ पॅरलल केले आहेत. असं करता येत नाही याचं कारण तो सोर्स आपल्या मर्जीचा नाही. स्वतंत्र सोर्स बंद करताना आपण 'बाहेरून येणारी उठाठेव शून्य केली तर' असं विचारतो. डिपेंडंट सोर्स मात्र सर्किटचाच स्वभाव आहे. आय जिवंत आहे तोवर तोही जिवंत. रेषेचा उतार ठरवण्यात त्याचा वाटा रेझिस्टरांइतकाच आहे.

बेस_एमिटर

पाऊलवाट यांना +१. याच गणितात थोडा बदल करून बघा, मजा येते.

३ आय च्या जागी उणे ५ आय घाला. मग १ व्होल्टच्या टेस्टला १ किलोओहम १ मिलिअँपिअर घेतो, २ किलोओहम ०.५ घेतो, आणि डिपेंडंट सोर्स उलट २.५ मिलिअँपिअर अ मध्ये ढकलतो. टेस्ट सोर्समधून निघतो उणे १ मिलिअँपिअर. थेवेनिन रेझिस्टन्स उणे १ किलोओहम! मुलं इथे घाबरतात, चिन्ह चुकलं असं समजून खोडतात. खोडू नका. डिपेंडंट सोर्स असलेल्या सर्किटमध्ये उणे रेझिस्टन्स येऊ शकतो. अँप्लिफायर वापरून ऑसिलेटर बनवतात तेव्हा नेमकं हेच हवं असतं, टँक सर्किटमधला (कॉइल आणि कपॅसिटरच्या जोडीतला) खरा रेझिस्टन्स जेवढी ऊर्जा खातो तेवढी परत भरून देणारं काहीतरी.

आणि उणे ३ आय घातलं तर? टेस्टचा एकूण करंट १ + ०.५ − १.५ = शून्य. रेझिस्टन्स अनंत. उघड्या टोकांचं समीकरण मांडलं तर २ आय = १२ + २ आय येतं, ते सुटतच नाही. शॉर्ट केलं तर मात्र उणे १२ मिलिअँपिअर अगदी व्यवस्थित मिळतो. म्हणजे या सर्किटला नॉर्टन रूप आहे, थेवेनिन रूप नाही. ते निव्वळ करंट सोर्स आहे.

उलटंही असतं. आदर्श व्होल्टेज सोर्सला नॉर्टन रूप नाही. दोन्ही रूपं नेहमीच एकमेकांत बदलता येतात असं जे सांगतात ते रेझिस्टन्स शून्यही नाही आणि अनंतही नाही हे गृहीत धरून.

सुई_शून्यावर

मोजमापाच्या बाजूने लिहितो, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

मीटर लावला की सर्किट बदलतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती बदलतं हे थेवेनिनशिवाय पटकन कळत नाही. १० व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये. मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट असायला हवेत. त्या बिंदूकडून पाहिलं तर थेवेनिन व्होल्टेज ५ आणि रेझिस्टन्स ५०० किलोओहम. १० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मल्टिमीटर लावा, ५ × १० / १०.५ = ४.७६ व्होल्ट दिसतील. सुईचा जुना मीटर, व्होल्टमागे २०,००० ओहमवाला, १० व्होल्टच्या रेंजवर घेतला तर त्याचा रेझिस्टन्स २०० किलोओहम. वाचन ५ × ०.२ / ०.७ = १.४३ व्होल्ट. मीटर बिघडलेला नाही, सर्किटही बिघडलेलं नाही. मोजणारा स्वतःच लोड झालाय.

यावरून एक सवय लावून घेता येते. कुठल्याही नोडवर प्रोब टेकवण्याआधी त्या नोडमागे अंदाजे किती रेझिस्टन्स आहे ते मनात काढायचं. मीटरचा इनपुट त्याच्या शंभरपट असेल तर चूक साधारण एक टक्का. बहुतेक वेळा तेवढं चालतं.

सिग्नल जनरेटरचंही तेच. बहुतेक फंक्शन जनरेटरांचं आउटपुट म्हणजे आतला सोर्स आणि ५० ओहम. पुढेही ५० ओहमचा लोड असेल असं धरून तो पडद्यावर आकडा दाखवतो. त्यावर १ व्होल्ट ठेवलं आणि जनरेटर थेट ऑसिलोस्कोपच्या १ मेगाओहम इनपुटला जोडला, तर स्कोपवर २ व्होल्ट दिसतात. नवा माणूस हमखास इथे अडकतो. जनरेटरच्या मेनूमध्ये लोडची सेटिंग 'हाय झेड' केली की आकडा जुळतो. आउटपुट तेवढंच राहतं, बदलतो तो फक्त दाखवलेला आकडा.

सेमिस्टर_चार

व्हीटस्टन ब्रिजचा थेवेनिन कुणी समजावेल का? सोर्स बंद केल्यावर कोण कुणाला पॅरलल हेच दिसत नाही.

सुई_शून्यावर

ब्रिज म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

१० व्होल्ट सोर्स. डावीकडे वर १००० ओहम, खाली १००० ओहम. उजवीकडे वर १००० ओहम, खाली १०१० ओहम. दोन मधल्या बिंदूंमध्ये १०० ओहमचा गॅल्व्हानोमीटर. तो जोडलेला असताना कुठलेही दोन रेझिस्टर ना सिरीज ना पॅरलल. एक तर तीन समीकरणं मांडायची, नाहीतर डेल्टा-स्टार करायचं.

गॅल्व्हानोमीटर उचला. उरले दोन स्वतंत्र डिव्हायडर. डावा मधला बिंदू ५ व्होल्ट. उजवा १० × १०१० / २०१० = ५.०२४९ व्होल्ट. फरक २४.९ मिलिव्होल्ट.

आता रेझिस्टन्स. सोर्सच्या जागी तार आली की ब्रिजचा वरचा आणि खालचा कोपरा एकच बिंदू होतो. चित्रात ते दोन कोपरे लांब असतात म्हणून डोळा फसतो. चित्र पुन्हा काढ, वरचा आणि खालचा कोपरा एका ठिपक्यात आण. डाव्या मधल्या बिंदूपासून त्या ठिपक्याला १००० आणि १०००, दोन्ही पॅरलल, ५०० ओहम. ठिपक्यापासून उजव्या मधल्या बिंदूला १००० आणि १०१० पॅरलल, ५०२.५ ओहम. बेरीज १००२.५ ओहम.

गॅल्व्हानोमीटरमधला करंट २४.९ मिलिव्होल्ट भागिले ११०२.५ ओहम, साधारण २२.६ मायक्रोअँपिअर. त्याच्या जागी १००० ओहमचा गॅल्व्हानोमीटर घेतला तर १२.४ मायक्रोअँपिअर. हे दुसरं उत्तर एका भागाकारात निघालं, हाच सगळा फायदा. ब्रिजला कुठला मीटर शोभेल हे अशा हिशोबावरूनच ठरवतात.

एक अट मात्र आहे. वरचं गणित सोर्सचा आतला रेझिस्टन्स शून्य धरून केलंय. तो असेल तर दोन डिव्हायडर एकमेकांपासून सुटे राहत नाहीत, आणि वरचा-खालचा कोपरा एकही होत नाही, त्यांच्यामध्ये तो रेझिस्टन्स येतो.

सेमिस्टर_चार

ठिपक्यात आणायची युक्ती भारी! आता दिसलं.

बेस_एमिटर

इलेक्ट्रॉनिक्समध्ये थेवेनिन रोज लागतो. ट्रान्झिस्टरचं बायसिंग बघा. १२ व्होल्ट सप्लाय, बेसला वरून ४७ किलोओहम, खाली १० किलोओहम, एमिटरला १ किलोओहम. बेसमध्ये करंट जातो, म्हणून डिव्हायडरचं सरळ सूत्र पूर्ण खरं नाही. बेसकडून मागे पाहिलं की थेवेनिन व्होल्टेज १२ × १० / ५७ = २.११ आणि रेझिस्टन्स ८.२५ किलोओहम. मग एकच लूप उरतो. २.११ वजा ०.७, भागिले ८.२५ अधिक (बीटा + १) × १ किलोओहम, हा झाला बेस करंट. त्याला बीटाने (कलेक्टर करंट बेस करंटच्या जितका पट तो आकडा) गुणलं की कलेक्टर करंट. बीटा १०० असेल तर कलेक्टर करंट १.२९ मिलिअँपिअर, २०० असेल तर १.३४. बीटा दुप्पट होऊनही करंट जेमतेम चार टक्के हलला. का? कारण १०१ च्या तुलनेत ८.२५ लहान आहे. डिव्हायडरचे रेझिस्टर दहापट मोठे घेतले असते तर हीच स्थिरता हातून गेली असती. हे सगळं त्या एका भाजकात उघड दिसतं.

माझं सर्वात आवडतं उदाहरण मात्र आर-२आर लॅडर. डिजिटल आकड्याचं व्होल्टेज करणारं सर्किट, त्यात फक्त दोनच किमतीचे रेझिस्टर. शेवटच्या टोकाला एक २आर ग्राउंडला, दुसरा २आर सर्वात खालच्या बिटला. बिट १ असेल तर ५ व्होल्ट, ० असेल तर ग्राउंड. या दोघांचा थेवेनिन: बिटच्या व्होल्टेजच्या निम्मं, आणि रेझिस्टन्स आर. पुढच्या नोडपर्यंत एक आर आहे, म्हणजे एकूण २आर. तिथे पुढचा बिट २आर मधूनच येतो. पुन्हा दोन सारखे २आर, पुन्हा सरासरी, पुन्हा रेझिस्टन्स आर. ही साखळी कितीही लांबवा, प्रत्येक नोडवर रेझिस्टन्स आरच राहतो.

१०११ हा आकडा घ्या. खालून सुरुवात. १: २.५ व्होल्ट. पुढचा १: (२.५ + ५) / २ = ३.७५. पुढचा ०: १.८७५. वरचा १: (१.८७५ + ५) / २ = ३.४३७५. आणि सरळ हिशोब ५ × ११ / १६ = ३.४३७५. नोड समीकरणांनी हे कुणी सोडवायला बसलं तर तासभर जाईल आणि रचना का चालते हे तरीही दिसणार नाही. थेवेनिनने ती रचनाच दिसते.

अकरा_केव्ही

मी वीज वितरणातला. आमच्याकडे थेवेनिनचं नाव कुणी घेत नाही, पण आमचा 'फॉल्ट लेव्हल' म्हणजे तोच.

११ केव्हीच्या बसवर (सबस्टेशनमधली सामायिक पट्टी, जिथून फीडर निघतात) फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ त्या बसच्या मागे जे काही आहे, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, शेकडो किलोमीटरच्या लाइनी, ते सगळं एका फेजपुरतं ११ भागिले वर्गमूळ ३ केव्हीचा सोर्स आणि ११ × ११ / ५०० = ०.२४२ ओहमचा इम्पिडन्स (एसीमध्ये रेझिस्टन्सच्या जागी येणारा रोध). थ्री-फेज शॉर्ट झाला तर साधारण २६.२ किलोअँपिअर. ब्रेकर तेवढा तोडू शकणारा हवा. त्याच बसवरून निघणाऱ्या फीडरवर पुढे ०.५ ओहमचा रिअॅक्टन्स असेल (आणि मागचाही मुख्यतः रिअॅक्टन्सच धरला) तर तिथे ६३५१ / ०.७४२, म्हणजे ८.६ किलोअँपिअर. रिलेची सेटिंग या आकड्यांवर होते. एवढं मोठं जाळं आम्ही एका आकड्यात खिशात घालून फिरतो.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, एसीमध्ये थेवेनिन इम्पिडन्स एकाच फ्रीक्वेन्सीपुरता असतो. ५० हर्ट्झचा आकडा २५० हर्ट्झच्या हार्मोनिकला लावायचा नाही. कपॅसिटर बँक आणि ट्रान्सफॉर्मर मिळून तिथे रेझोनन्स होऊ शकतो आणि इम्पिडन्स भलताच निघतो. दोन, फॉल्टनंतरच्या पहिल्या काही सायकलमध्ये जनरेटरचा रिअॅक्टन्स कमी असतो, मग वाढत जातो. म्हणून कुठल्या क्षणाचा फॉल्ट करंट हवाय ते आधी ठरवायचं. आणि इन्व्हर्टरवरचे सोर्स तर फॉल्टच्या वेळी करंटला स्वतःच लगाम घालतात. ते 'व्होल्टेज सोर्स आणि मागे इम्पिडन्स' असे वागतच नाहीत.

तारायंत्र

अकरा_केव्ही, तुमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लिनिअर असण्याची अट आपण पहिल्या ओळीत लिहितो आणि पुढे विसरतो. सोलर पॅनलचं उघडं व्होल्टेज भागिले शॉर्ट करंट केलं की ओहममध्ये एक आकडा मिळतो खरा, पण त्याला थेवेनिन रेझिस्टन्स म्हणून काही अर्थ नाही. त्याचा आलेख बराच वेळ जवळपास आडवा जातो आणि मग गुडघ्यातून वाकल्यासारखा खाली येतो. दोन टोकं जोडणारी सरळ रेषा मधल्या एकाही बिंदूवर बरोबर नसते.

लोडवर मात्र ही अट नाही. जाळं लिनिअर हवं, लोड काहीही चालतो. डायोड असेल तर डायोडचा वक्र आणि थेवेनिनची रेषा एकाच आलेखावर काढायच्या, छेदतील तिथे उत्तर. पुस्तकातली 'लोड लाइन' ती हीच.

सोर्स ट्रान्सफॉर्मेशनबद्दलही (सर्किटमधल्या एखाद्या सोर्स-रेझिस्टर जोडीचं थेवेनिनवरून नॉर्टन किंवा उलटं रूप करणं) थोडं. त्याने गणित भराभर लहान होतं, पण ज्या रेझिस्टरचा करंट विचारलाय, किंवा ज्या करंटवर डिपेंडंट सोर्स टांगलेला आहे, तो रेझिस्टर कधीही त्यात ओढू नये. रूप बदललं की त्यातला करंट बदलतो, आणि मग विचारलेली गोष्टच सर्किटमधून नाहीशी होते. आदर्श व्होल्टेज सोर्सला पॅरलल असलेला रेझिस्टर आणि आदर्श करंट सोर्सला सिरीज असलेला रेझिस्टर मात्र बिनधास्त काढून टाका, बाहेरच्या सर्किटला त्यांचा पत्ताही लागत नाही. सोर्सवर किती भार येतो असं विचारलं तर तेवढे परत ठेवा.

सेमिस्टर_चार

शेवटचं एक. प्रॅक्टिकलला सेलचा आतला रेझिस्टन्स काढायचाय. शॉर्ट करून करंट मोजला तर चालेल का? पुस्तकात तर उघडं व्होल्टेज भागिले शॉर्ट करंट असंच दिलंय.

सुई_शून्यावर

नको. छोट्या पेन्सिल सेलचं फार बिघडणार नाही, पण लिथियम सेल किंवा गाडीची लेड-अॅसिड बॅटरी शॉर्ट केली तर शेकडो अँपिअर वाहू शकतात. तार तापून लाल होते, मीटरचा फ्यूज जातो, सेल फुटू शकतो. कागदावरची पद्धत आहे ती, बाकावरची नाही.

तारायंत्र

अगदी बरोबर. रेषेवरचे कुठलेही दोन बिंदू चालतात, टोकाचेच हवेत असं कुठे आहे?

समज उघडं व्होल्टेज १.५५ आलं आणि १० ओहम लावल्यावर १.५० आलं. रेझिस्टन्स = १० × (१.५५ / १.५० − १) = ०.३३ ओहम. उघड्या टोकांऐवजी दोन वेगळे लोड घेतलेस तर आणखी चांगलं. १० ओहमवर १.५० व्होल्ट, म्हणजे ०.१५० अँपिअर. ४.७ ओहमवर १.४४७ व्होल्ट, म्हणजे ०.३०८ अँपिअर. व्होल्टेजमधला फरक ०.०५३, करंटमधला ०.१५८, भागाकार सुमारे ०.३३५. वाचनं तिसऱ्या दशांशापर्यंत घे, कारण फरक छोटा आहे आणि वाचनातली एक-दोन मिलिव्होल्टची चूकही उत्तरात ठळक दिसते. लोड दोन-तीन सेकंदच लाव, लगेच काढ, नाहीतर सेल उतरायला लागतो आणि रेषा तुझ्या डोळ्यांदेखत सरकते. लोडच्या तारा आणि मीटरच्या तारा सेलच्या टोकांवर वेगवेगळ्या लाव. एकाच क्लिपवर दोन्ही घेतल्या तर क्लिपचा संपर्क-रेझिस्टन्सही ०.३३ मध्ये मिसळतो.

आणि तिसरा लोड घेच, २.२ ओहमचा. सेल या रेषेवर असेल तर १.३५ व्होल्टच्या आसपास यायला हवं. बरंच कमी आलं तर एवढ्या करंटला हा सेल सरळ रेषेत वागत नाही असं जर्नलमध्ये लिही आणि ०.३३ ओहम कुठल्या करंटपर्यंत मोजलाय तेही त्याच ओळीत लिही.

सेमिस्टर_चार

२.२ ओहम लॅबमध्ये आहे. तिन्ही वाचनं घेतो आणि आलेखासकट इथे टाकतो.